रंकाळ्यावर जायचंय, तर तसं म्हणा

प्रश्न : ताई, मी उत्तरेश्वर पेठेत राहते. हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग करायच्या कारखान्यात, सुपरवायझर आहेत. मुलगा नोकरीला पुण्यात. घरात दोघंच, तरी बोलणं भाजी, सिलिंडर आणि लाईट बिलापुरतं. गेल्या रविवारी मी म्हटलं, "आज रंकाळ्यावर गर्दी असेल, नाही?" तर "असणारच की, रविवार हाय," म्हणून हे मॅच बघत बसले. मला रडूच आलं. इतक्या वर्षांत माझ्या मनातलं यांना कळू नये?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रडू येणारच. पण मनातलं कळलं नाही म्हणजे माया आटली, असं मला अजिबात वाटत नाही. केसार, सॅवित्स्की, एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नवरा-बायकोंना एकमेकांच्या, एकाहून जास्त अर्थ निघतील अशा वाक्यांचा नेमका अर्थ ओळखायचा होता. आपलं माणूस बरोबर ओळखणार, अशी बोलणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात अनोळखी माणसांपेक्षा जोडीदाराला काही जास्त कळलं नाही! परक्याला आपण फोड करून सांगतो, घरच्याला कळेलच असं धरून चालतो. शेजारच्या वहिनींना तुम्ही गर्दीचं विचारलं असतं का? "चला, पाय मोकळे करून येऊ," असंच म्हणाला असता. यांनाही तसंच म्हणा, तेही सकाळीच, मॅच सुरू व्हायच्या आधी.

आता दुसरी बाजू. तुमच्या पत्रात त्यांच्या कामाबद्दल एका ओळीपलीकडे काही नाही, आणि मला तीच गोष्ट जास्त खटकली. माझे थोरले भाऊ उद्यमनगरात फौंड्रीत होते, म्हणून थोडं माहीत आहे. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली की धातूचा तापलेला रस ओतताना वाफ होते, ती आत अडकते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतून केलेल्या भागाला, ब्लोहोल (आतली पोकळ भोकं) पडतात. कधी कधी मशीनिंगला, म्हणजे यंत्रावर कापायला-घासायला, गेल्यावरच ते उघडे पडतात, माल परत येतो आणि जाब सुपरवायझरला द्यावा लागतो. असा माणूस घरी येऊन "आज रिजेक्शन लई झालं" एवढंच बोलतो. त्यावर "जेवायला वाढू?" म्हणणं मायेचंच, पण बोलणं तिथंच संपतं. त्याऐवजी विचारा, "वाळू ओली होती का?" पहिल्यांदा "तुला काय करायचंय त्याचं" म्हणतील. वाईट वाटून घेऊ नका. दोन दिवसांनी "त्या मालाचं काय झालं?" म्हणून पुन्हा विचारा.