दिवाणखान्याला मसालेदार, उबदार ऑकर रंग द्यायचा आहे. खोली भडक किंवा अंधारी दिसेल का?

भडक नाही दिसणार. ऑकर हा मुळात मातीचा रंग आहे. त्यातला पिवळेपणा लोहाच्या संयुगांमुळे येतो, म्हणून तो लिंबू-पिवळ्यासारखा डोळ्यांत खुपत नाही. खरा प्रश्न उजेडाचा आहे. थेट ऊन न येणाऱ्या खोलीत हाच रंग मळकट, कधी हिरवटही वाटतो. तिथे किंचित लालसर झाक असलेली छटा घ्या. संध्याकाळचं ऊन येत असेल तर तो आपोआप केशरीकडे झुकतो, तेव्हा फिकी छटा पुरते. दिवेही बघा: २७०० ते ३००० केल्व्हिनचा (हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पिवळसर प्रकाश त्याला खुलवतो, पांढराफेक प्रकाश त्याचा जीव घेतो.

शेडकार्डवर अजिबात विसंबू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मारा आणि तो सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींना लावून पाहा. फिनिश मॅटच घ्या, चकाकीने या रंगाची सगळी ऊब जाते. छत ऑफ-व्हाइट ठेवा. गडद लाकूड, ताग, पितळ सोबतीला छान दिसतं, आणि एखादी गडद निळी उशी तर हवीच! चारही भिंतींची धास्ती वाटत असेल, तर सोफ्यामागच्या एकाच भिंतीपासून सुरुवात करा.