पासिंग झालंय, पण ‘वाहन’वर चढलेलं नाही

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि जुनी खपली निघाली. नॅशनल परमिट चालू, हातात नवीन फिटनेस सर्टिफिकेट, तरी निपाणीच्या पुढे, कर्नाटकात, ‘फिटनेस संपलंय’ म्हणून तुमची पावती फाडली. आमच्या सहाचाकीचं अगदी हेच झालं होतं. परमिट-इन्शुरन्सचं तुम्हाला सांगायला नको, मुद्द्याचं बोलतो.

तिकडचा साहेब फाइल उघडतच नाही. मशिनमध्ये नंबर टाकतो आणि ‘वाहन’वर, म्हणजे गाड्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, जी तारीख येईल ती खरी धरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे फिटनेस नसलेल्या गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत, त्यामुळे तो सोडणारही नाही. त्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

खरा घोळ आपल्याकडचा. आमचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, रीतसर झालं, चेसिस नंबर तपासला, शिक्का मारलेला कागद मिळाला. पण त्या कार्यालयाने (नाव घेत नाही, अजून कामं तिथेच पडतात) ऑनलाइन नोंद मंजूरच केली नव्हती. गाडी परराज्यात उभी, माल आत, पार्टीचे (गिऱ्हाइकाचे) फोनवर फोन. खिडकीवर क्लार्क म्हणतो साहेबांचं लॉगिन लागेल. साहेब म्हणतात क्लार्कने फाइल पुढे ढकललेली नाही. दोघं मिळून म्हणतात सर्व्हर डाऊन. शेवटी ते एक बटण दाबायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचा खर्च), ड्रायव्हरचा भत्ता आणि तुटलेली पार्टी बघता दंड सगळ्यात स्वस्त पडला.

तेव्हापासून माझा नियम: एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नवी तारीख दिसेपर्यंत खिडकी सोडायची नाही. लोड भरण्याआधी पुन्हा बघायचं. तारीख जुनी दिसली तर पार्टी चिडली तरी गाडी हलवायची नाही. आता बऱ्याच ठिकाणी ऑटोमेटेड सेंटरवर मशिनने फिटनेस टेस्ट होते, तिथे हा प्रकार कमी होईल म्हणतात. बघू.

तुमच्या चलानचं म्हणाल तर (मी वकील नाही) सर्टिफिकेटची तारीख चलानच्या आधीची असेल तर घाईने भरू नका. ई-चलान पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, तिथे सर्टिफिकेट जोडा. आपल्या आरटीओकडून नोंद उशिरा चढल्याचं लेखी मिळालं तर उत्तम, पण ते देतील यावर मी पैज लावणार नाही. आणि रस्त्यावर पावतीशिवाय कोणी ‘मिटवून टाकू’ म्हटलं तर ते पैसे दंडात धरले जात नाहीत, चलान तसंच राहतं.

जाता जाता, ‘वाहन’वर मोबाइल नंबर तुमचाच आहे ना बघा. सेकंडहँड गाड्यांना जुन्या मालकाचा किंवा एजंटचा असतो, चलानचे मेसेज त्याला जातात आणि आपल्याला कळतं ते थेट पुढच्या पासिंगला. आणि वाटेत माल दुसऱ्या गाडीत टाकलात तर ई-वे बिलाच्या (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) पार्ट बीमध्ये, जिथे गाडीचा नंबर असतो, नवा नंबर भरा. तिथे गाडी जीएसटीवाले अडवतात, आरटीओची ओळख कामाला येत नाही.