डेबियन लिनक्ससाठी स्क्रीन लॉकरचं पॅकेज केलंय, लॉक होतं पण बरोबर पासवर्ड टाकूनही उघडत नाही. सेटयूआयडी लावू का?

नका लावू. (सेटयूआयडी म्हणजे कोणीही चालवला तरी प्रोग्राम त्याच्या मालकाच्या, इथे सर्वाधिकारी 'रूट' यूजरच्या, अधिकाराने चालवणारा बिट.)

तुम्ही लिहिलंय की हाच प्रोग्राम आर्च लिनक्सवर नीट चालतो आणि डेबियनवर पॅकेज करून टाकला की पासवर्ड घेत नाही, यातच अर्धं उत्तर आहे. असे लॉकर पासवर्ड स्वतः तपासत नाहीत, ते पॅमला (लिनक्समधली पासवर्ड तपासणारी यंत्रणा) विचारतात, आणि पॅम इटीसीमधल्या पॅम डॉट डी फोल्डरात लॉकरने दिलेल्या नावाची फाइल शोधतं. मूळ सोर्ससोबत येणारी ती फाइल कधीकधी 'सिस्टिम-ऑथ' नावाची दुसरी फाइल इन्क्लूड करते, आर्च आणि फेडोरावर ती असते, डेबियनवर नसते, इथे तिच्या जागी 'कॉमन-ऑथ' आहे. इन्क्लूड फसलं की पॅम सरळ नाही म्हणतं, मग तुम्ही कितीही जपून टाइप करा. सिस्टिमचा लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलमध्ये एरर दिसेल (ऑथ डॉट लॉग शोधत बसू नका, ती लिहिणारा आरसिसलॉग डेबियन 12 पासून आपोआप येत नाही).

तर सोर्समधल्या 'डेबियन' फोल्डरात पॅकेजचं नाव आणि पुढे डॉट पॅम अशी फाइल ठेवा, आत 'ॲट-इन्क्लूड कॉमन-ऑथ' एवढी एक ओळ पुरते, पॅकेज बनवताना चालणारं डीएच-इन्स्टॉलपॅम ती जागेवर नेऊन ठेवतं. पण ठेवतं पॅकेजच्या नावाने! सोर्समध्ये पॅम-स्टार्टला (पॅम सुरू करणाऱ्या फंक्शनला) दिलेलं नाव वेगळं असेल तर डीएच-इन्स्टॉलपॅमला नेम ऑप्शन द्यावा लागतो. मी इथेच माती खाल्ली होती, आणि कळलंही नाही, कारण नाव जुळलं नाही की पॅम 'अदर' नावाची फाइल वापरतं आणि डेबियनची 'अदर' कॉमन-ऑथच घेते, त्यामुळे लॉक मस्त उघडत होतं.

आता सेटयूआयडी. शॅडो फाइल (पासवर्डची सांकेतिक रूपं, म्हणजे हॅश, जिथे असतात ती) साध्या यूजरला वाचता येत नाही हे खरं, पण त्यासाठी पॅम एक छोटा मदतनीस प्रोग्राम चालवतं, डेबियनवर तो सेटजीआयडी शॅडो (म्हणजे फक्त 'शॅडो' ग्रुपच्या अधिकाराने चालणारा) असतो आणि साध्या यूजरला फक्त स्वतःचाच पासवर्ड तपासून देतो. तुमचा लॉकर फॉन्ट, इमेज, ग्राफिक्स अशा ढीगभर लायब्ररी ओढतो, त्या सगळ्या रूट म्हणून कशाला पळवायच्या? एसलॉक या दुसऱ्या लॉकरची गोष्ट वेगळी, तो पॅम न वापरता थेट शॅडो वाचतो म्हणून त्याला रूट लागतो, आणि हॅश हातात आला की तो रूटचे अधिकार सोडून 'नोबडी' (जवळजवळ काहीच अधिकार नसलेला यूजर) होतो. आणि तसाही तुम्ही मेकफाइलमध्ये लावलेला बिट पॅकेज बनवताना चालणारं डीएच-फिक्सपर्म्स गुपचूप काढून टाकतं, त्यामुळे तो पॅकेजमध्ये पोचलाच नसता.

टेस्ट करताना दुसऱ्या मशीनवरून एसएसएच आधीच उघडून ठेवा, अडकल्यावर नाही. एक्स इलेव्हनवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) लॉकर किल केला की स्क्रीन मोकळी होते (हीच एक्सची जुनी दुखरी नस, लॉकर क्रॅश झाला तरी तेच). वेलँडवर (तिच्या जागी आलेली नवी यंत्रणा) सेशन-लॉक प्रोटोकॉल असेल तर किल करून काही होत नाही, कंपोझिटर (वेलँडवर स्क्रीन सांभाळणारा प्रोग्राम) स्क्रीन बंदच ठेवतो, लॉकर स्वेलॉक असेल तर त्याला यूझर-वन सिग्नल पाठवा म्हणजे उघडेल. आणि लॉक चालू असतानाच पॅमची पॅकेजं अपग्रेड करूनही बघा, पॅमच्या लायब्ररी बदलल्यावर आधीपासून चालू असलेला लॉकर पासवर्ड घेईनासा होऊ शकतो. डेबियनचं पॅम पॅकेज एक्सस्क्रीनसेव्हर आणि एक्सलॉकमोअरसाठी अपग्रेडआधी तशी सूचना देतं, तुमचा लॉकर त्या यादीत नाहीये.