सगळे देव एकच असतील, तर माझा मित्र 'आमच्यात देवच नाही' असं का म्हणतो?

तुमचा प्रश्न असा आहे की, आजोबा म्हणतात देव एकच, नावं तेवढी वेगळी. वर्गातला बौद्ध मित्र म्हणतो, आमच्यात देवच नाही. मुस्लिम मित्र म्हणतो, देव एकच, पण तो अवतार घेत नाही. मग खरं कोणाचं, आणि माणसाचं देवाशी नातं काय?

आजोबांचं वाक्य गावात सलोखा ठेवायला चांगलं आहे, पण माहिती म्हणून ते टिकत नाही. माझ्या मते देव किती हे मोजण्यापेक्षा त्याच्यासमोर माणूस कोण ठरतो, हे विचारावं. धर्म खरे वेगळे होतात ते तिथे.

मी काही शास्त्री-पंडित नाही. अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडे आमचं बिछायत केंद्र आहे. मंडप, सतरंज्या, गाद्या-लोड, भोंगे, जेवणाची भांडी. भागवत सप्ताह असो, भीमजयंती असो, उर्स असो की तेरवी, माल आमचाच जातो. मंडप टाकून झाला की भोंग्याच्या मशीनजवळ कोणाला तरी बसावं लागतं, आणि तो कोणी म्हणजे बहुतेक मीच. त्यामुळे सगळ्यांची प्रवचनं फुकटात ऐकून झाली आहेत.

सुरुवात घरातूनच करतो. माझी सासुरवाडी महानुभाव, आम्ही वारकरी. एकदा आमच्याकडे सत्यनारायण होता. सासूबाई आल्या, सकाळपासून स्वयंपाकात राबल्या, पण शिऱ्याचा द्रोण पुढे केला तर हात जोडून म्हणाल्या, "जवाईबापू, मले नोका देऊ." बाबांना ते लागलं. "काऊन? आमचा देव कमी हाये काय?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "इवाईबुवा, तुमच्या देवतेले मी खोटी नाही म्हणत. ते हाये, आपल्यापरीनं फळबी देते. पण जिवाले सोडवाची सत्ता तिची नाही."

बाबा दोन दिवस धुसफुसत होते. पण सासूबाई जे बोलल्या तो अख्खा महानुभाव सिद्धान्त आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या विचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे आणि अनादि आहेत. देवता खऱ्याच, पण त्यांची मजल ठरलेली. जीव अविद्येत बांधलेला, त्याला सोडवतो फक्त परमेश्वर, आणि तोही स्वतः अवतार घेऊन, जिवाला आपलं सन्निधान देऊन. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे ते पाच अवतार. शेवटी सुटला तरी जीव जीवच राहतो, परमेश्वर होत नाही. म्हणून आमच्याजवळच्या रिद्धपूरला (आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय तेच) गेलात तर भाविक ओट्यांवर कपाळ टेकताना दिसतील. इथे गोविंदप्रभू बसले, इथे हा प्रसंग घडला, अशी ती स्थानं. सासूबाईंच्या पेटीत कापडात गुंडाळलेला एक लहानसा दगड असतो. अवताराचा संबंध घडलेल्या पाषाणाचा तो अंश, त्याला त्या 'विशेष' म्हणतात. तो काढताना त्यांचा हात कसा होतो ते मी पाहिलंय. त्यांच्यासाठी तिथे प्रतीक वगैरे काही नाही. परमेश्वर खरोखर इथे येऊन गेला, त्याची ती खूण आहे.

आणि त्याच गावात, माझ्याच भोंग्यावरून, सप्ताहातले महाराज सांगतात की जीव ब्रह्मच आहे, दुसरा नाहीच. म्हणजे एकाच गल्लीत दोन हिंदू घरं, आणि देव-माणसाच्या नात्यावर दोघांचा मुळातच मतभेद. मग धर्माधर्मांत 'सगळं एकच' कसं होईल?

तुमच्या बौद्ध मित्राचं वेगळं आहे. तुम्ही कदाचित म्हणाल, पण तेही मूर्तीपुढे मेणबत्ती लावतात, हात जोडतात. लावतात. पण कान देऊन ऐका. त्रिशरणात बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं आहे, मागणं काहीच नाही. पाऊस दे नाही, नोकरी दे नाही. बाबासाहेबांनी बुद्धाला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटलं. रस्ता दाखवला, चालायचं आपणच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जी दीक्षा झाली, त्यातल्या बावीस प्रतिज्ञांपैकी चौथी सांगते की देवाने अवतार घेतला यावर माझा विश्वास नाही, आणि पाचवी सांगते की बुद्ध हा विष्णूचा अवतार हा खोटा आणि खोडसाळ प्रचार आहे. दोनच दिवसांनी चंद्रपुरातही दीक्षा झाली. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत त्या गर्दीतून परतलेले आजे-पणजे होते. देवाच्या नावावर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून लांब ठेवलं, त्यांनी देव-माणूस हे नातंच बाजूला सारून माणसा-माणसातलं नातं मध्ये आणलं. अशा माणसाला आपण प्रेमानं जाऊन म्हणतो, "अरे, तुमचा बुद्ध म्हणजे आमचा नववा अवतारच." त्याला ते प्रेम वाटत नाही, आणि का वाटावं?

मुस्लिम मित्राचं म्हणणं कुराणातल्या इख्लास या चार आयतींच्या, म्हणजे चार वचनांच्या, सुऱ्यात (अध्यायात) आहे. अल्लाह एक आहे, तो कोणावर अवलंबून नाही, त्याने कोणाला जन्म दिला नाही, त्याला कोणी जन्म दिला नाही, त्याच्या बरोबरीचा कोणी नाही. माणूस त्याचा बंदा, म्हणजे सेवक, आणि पृथ्वीवर त्याने नेमलेला खलिफाही. म्हणजे नुसता हुकमाचा ताबेदार नव्हे, जमिनीची जबाबदारी दिलेला. तो दूर बसलाय असंही नाही. मानेतल्या रक्तवाहिनीपेक्षा तो जवळ आहे, असं कुराणच म्हणतं. आता इतकं जवळ असेल तर मध्ये कोणी कशाला, हा वाद मुसलमानांमध्येच आहे. वर्धा जिल्ह्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे, नागपूरला ताजबाग आहे. चादर चढवणारे म्हणतात, आम्ही वलीला, म्हणजे संताला, देव मानत नाही, त्याच्या हातून अर्ज पाठवतो. दुसरे म्हणतात, अर्ज थेट कर. दोघंही एकाच मशिदीत एका रांगेत नमाज पढतात, आणि बाहेर चहाच्या टपरीवर पुन्हा तोच वाद.

आता ख्रिस्ती लोकांकडे या. ते म्हणतात देव पिता आहे आणि येशू त्याचा पुत्र. वर सांगितलेल्या सुऱ्याच्या हे सरळ उलट आहे. एक म्हणतो त्याने कोणाला जन्म दिला नाही, दुसरा म्हणतो पुत्र पाठवला यातच सगळी कृपा आहे. दोघांनाही 'तुम्ही एकच बोलता' असं सांगायचं म्हणजे दोघांचंही न ऐकता सांगायचं. लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. वाटणी घेऊन गेलेला, सगळं उडवून डुकरं राखायला लागलेला पोरगा घरी परततो, मनात माफीचं वाक्य जुळवत. त्याचं वाक्य पुरं होण्याआधी म्हाताराच धावत सुटतो. आपल्याकडचे बाप असे धावतील का, कोण जाणे. पण ख्रिस्ती माणसासाठी देवासमोर आपण कोण, याचं उत्तर त्या पोरात आहे.

जैनांचं थोडक्यात सांगतो. मुक्तागिरी आणि वाशीम जिल्ह्यातलं शिरपूर ही आपल्याकडची मोठी ठिकाणं. जग निर्माण करणारा देव तिथे नाही. तीर्थंकर कोणाला काही देत नाहीत, त्यांचे गुण आपल्यात यावेत म्हणून वंदन करायचं, आणि प्रत्येक जीव परमात्मा होऊ शकतो. जाता जाता, शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर दिगंबर-श्वेतांबर वादात कित्येक दशकं बंद राहून २०२३ मध्ये उघडलं. तेव्हा देव एक असला की भांडण मिटतं, असंही नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत वेगळं वाटलं ते गोंडांचं. आमच्याकडे मंडप बांधणीला गोंदियाकडचा एक मिस्त्री होता. काम कितीही असो, माघ पौर्णिमेला तो सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला जायचाच. मी विचारलं, तिथे कोणता देव आहे? त्यानं मलाच उलट विचारलं, "तुमी किती देवाचे?" मला कळेना. मग त्यानं समजावलं की त्यांच्यात कुळं चार देवांची, पाच देवांची, सहा देवांची, सात देवांची अशी असतात, आणि सारख्या देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही, कारण ते भाऊभाऊ. माणूस गेला की विधी करून त्याला कुळाच्या पेनात, म्हणजे देवांत, मिळवतात. सगळ्यांच्या वर बडादेव, म्हणजे पर्सापेन, आहेच, पण रोजचा संबंध या घरच्या देवांशी. देव म्हणजे निर्माता, मालक, न्यायाधीश, हे सगळे शब्द तिथे लागू पडत नाहीत. देव नात्यातला आहे. आणखी काही वर्षांनी मिस्त्रीचे वडीलही त्यांच्यातच असणार होते.

नात्यावरून आठवलं, आम्हा वारकऱ्यांचंही एक आहे. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिथून पालखी पंढरपूरला जाते. म्हणजे विठ्ठल विदर्भाचा जावई. आमच्याकडची म्हातारी माणसं विठोबाशी ज्या हक्कानं बोलतात, त्यात थोडा हा सासुरवाडीचा मान आहे असं मला वाटतं. बंदा मालकाशी असं बोलणार नाही, आणि तीर्थंकराशी असं बोलण्यात अर्थच नाही.

'देव एकच' म्हणणाऱ्यांना गाडगेबाबांनी कीर्तनात छान पकडलं होतं. शेंडगावचा हा माणूस समोरच्यांना विचारायचा, देव किती? लोक म्हणायचे, एक. मग तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. मरीआई? आहे. मग किती झाले? लोक हसायचे. बाबा मात्र त्यांना भुकेल्याला अन्न आणि पोराला शाळा, इथपर्यंत घेऊन जायचे.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ती जैनांकडे आहे, बौद्धांच्या उदान या ग्रंथात आहे, महानुभावांच्या दृष्टांतपाठ या ग्रंथातही आहे. ती सांगून लोक म्हणतात, बघा, सगळेच बरोबर. पण उदानात राजा आंधळ्यांना हत्तीपाशी नेतो, ते आपसात मारामारी करतात आणि राजाला गंमत वाटते. हत्ती दिसणारा राजा गोष्टीत आहे, म्हणूनच गोष्ट सांगता येते. 'सगळे एकच' म्हणणारा माणूस नकळत स्वतःला तो राजा समजतो.

मग एकत्र बसायचं तर कसं? तुकडोजी महाराजांनी एक उपाय काढला. गुरुकुंज मोझरीच्या प्रार्थनेत मूर्ती नाही, समोर फक्त मांडलेलं आसन. गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेला गादी-लोड बरेचदा आमचेच जातात, आणि मांडताना कार्यकर्ते बजावतात, "फोटो नोका ठेवू त्याच्यावर." ज्याला जे पाहायचं ते पाहा. मला हा उपाय आवडतो, पण तोही सगळ्यांना चालत नाही. सासूबाई त्या प्रार्थनेला जात नाहीत. तुमचा बौद्ध मित्रही विचारेल, आसन रिकामं आहे तर मांडायचं कशाला?

आजोबांशी वाद घालू नका. विठोबासमोर उभं राहिल्यावर तुम्हाला आपण कोण वाटतो, लेकरू, चाकर की सोयरा, एवढं विचारा. ते जे सांगतील ते 'देव एकच' पेक्षा नक्की जास्त असेल. बौद्ध मित्राशी बोलण्याआधी बावीस प्रतिज्ञा वाचून घ्या, मराठीत कुठेही मिळतात. मुस्लिम मित्राला दर्ग्याबद्दल काय वाटतं ते विचारा, पण त्याच्या घरात दोन्ही मतांची माणसं असू शकतात, तेव्हा सगळ्यांसमोर नका विचारू.