टायरच्या हवेचा दिवा: आधी हवा, मग रीसेट

डॅशबोर्डवर पिवळा दिवा दिसला की पोटात गोळा येतोच. घाबरू नका, पण लगेच रीसेटही करू नका. नवखे हमखास इथेच चुकतात. बऱ्याच गाड्या रीसेटच्या वेळी असेल तीच हवा 'बरोबर' धरून बसतात.

सकाळी, गाडी चालवण्याआधी चारही टायर तपासा. किती हवा हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तेवढी भरायची नसते. पंपावरच्या गेजवर (हवा मोजायच्या मीटरवर) माझा फारसा भरवसा नाही. स्वतःचा एक ठेवा.

मग:
- हवा भरून झाल्यावर रीसेटचं बटण दाबा किंवा मेनूतून रीसेट करा.
- थोडी गाडी चालवा. दिवा जागच्या जागी विझेलच असं नाही.

चार दिवसांत तोच टायर पुन्हा उतरला? खिळा शोधा. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतून बसतो आणि हवा हळूहळू जाते. साबणाचं पाणी ओता, बुडबुडे दिसतील. व्हॉल्व्हवरही ओता, ते सगळे विसरतात.

गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग तसाच राहिला, तर बहुधा सेन्सरचं दुखणं. तेव्हा थेट वर्कशॉप.