मेसेज येतात, पण मी हॉलमध्ये गेल्यावरच

प्रश्न: आमचं घर जुनं आहे, भिंती दगडी, चांगल्या दीड हात जाड. वायफायचा डबा हॉलमध्ये टीव्हीच्या मागे ठेवलाय. मुलगा जर्मनीत असतो, मी स्वयंपाकघरात असले की त्याचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल वाजतच नाही, आणि हॉलमध्ये पाऊल टाकलं की तीन मिस्ड कॉल नि पंधरावीस मेसेज धडाधड पडतात. तो म्हणतो, आई, मला एकच टिक दिसते. वायफायची खूण तर दिसत असते की वर! फोन बिघडलाय का? – एक आजी, वाई

उत्तर: आजी, बहुतेक फोन ठणठणीत आहे, एवढ्यात दुकानात नेऊ नका, ते नवाच गळ्यात मारतील. एक टिक म्हणजे मुलाचा मेसेज तिकडून निघाला पण तुमच्या फोनपर्यंत पोचला नाही, पोचला की दोन होतात. आणि वायफायची खूण म्हणजे फोनने डब्याला धरून ठेवलंय एवढंच, नेट धड येतंय असं नाही. होतं काय, स्वयंपाकघरात वायफाय अगदी मरतुकडं येतं, पण फोन ते सोडतही नाही आणि सिमच्या नेटवर जातही नाही, मधल्यामधे लटकतो.

खात्री करायला स्वयंपाकघरात उभ्या राहून वायफाय बंद करा नि मोबाईल डेटा चालू करा. लगेच मेसेज आले तर दोष भिंतीचा. पण डब्याशेजारी ठेवूनही, स्क्रीन बंद असताना मेसेज अडकत असतील, तर मग बॅटरी सेव्हर बघा, तो बॅटरी वाचवायच्या नादात व्हॉट्सअ‍ॅपला झोपवतो. सेटिंग्जमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅटरीला 'अनरिस्ट्रिक्टेड' करून टाका, नातवंडं आली की दोन मिनिटांचं काम.

डबा आधी टीव्हीमागून काढा, तिथे तो कोंडतो. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दाराजवळ उंचावर, फळीवर वगैरे ठेवा, लोखंडी कपाटाच्या आड नको, वायर कमी पडली तर केबलवाल्याकडून लांब करून घ्या. आणि फोनमध्ये तुमच्या वायफायची दोन नावं दिसत असतील, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं, तर स्वयंपाकघरात साधं नाव निवडा. ते ५जी म्हणजे सिमचं ५जी नव्हे हं, पुष्कळांचा घोळ होतो. ते ५ गिगाहर्ट्झचं, वेग जास्त पण भिंत आली की गळपटतं, साधं २.४ वालं हळू पण लांब जातं. (मायक्रोवेव्ह चालू असला की मात्र ह्यालाच त्रास होतो.)

एवढं करूनही दगडाने हार मानली नाही तर हॉलमधून वायर ओढून स्वयंपाकघरात दुसरा छोटा राउटर बसवून घ्या. तोवर भाकऱ्या करताना वायफाय बंद, डेटा चालू. नुसत्या बोलण्याला डेटा फार लागत नाही, व्हिडिओवर भाकरी दाखवायची असेल तर मात्र ताट घेऊन हॉलमध्येच या.