आधी पाय

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. थांगलांगछ्वान, म्हणजे प्रार्थनाकीटकाचे कुंगफू, ज्याने सुरू केले म्हणतात तो वांग लांग खरोखर होऊन गेला याचा समकालीन पुरावा मिळत नाही, तेव्हा सहा वर्षे घासलेली ही विद्या सोडून द्यावी काय, असे तू विचारतोस. पुराव्याचे तुझे म्हणणे बरोबर आहे. कोणी त्याला सुंग राजवटीत बसवतात, कोणी मिंग राजवटीच्या अखेरीस, आणि या दोन मतांत साडेतीनशे वर्षांहून अधिक अंतर पडते. एकोणिसाव्या शतकात लियांग श्वेश्यांग शांतुंग प्रांतातल्या लाइयांगकडे ही विद्या शिकवीत होते, तिथे आल्यावर मात्र जमीन पक्की लागते.

पण ती दंतकथा तू शेवटपर्यंत वाचली आहेस का? हरलेला वांग लांग झाडाखाली बसतो, प्रार्थनाकीटक सिकाडा नावाच्या किड्याला धरताना पाहतो, त्याला काडीने डिवचतो आणि त्याच्या पुढच्या पायांवरून हातांचे डाव बसवतो. इथे सगळे थांबतात. पुढची गोष्ट अशी, की हात जमले तरी चाल जमेना, म्हणून पावले त्याने माकडाची उचलली. कथा रचणारा कोणीही असो, त्याला विद्या कळत होती. आधी पाय.

हे मला फार उशिरा कळले, त्याची खंत आहे. पहिली नऊ वर्षे मी बोटे कीटकाच्या पायासारखी वाकवून तो आकडा करण्यात घालवली, कारण आरशात तो छान दिसतो. समोरच्याचे मनगट आकड्यात सापडले की त्याला पुढे आणि खाली ओढायचे आणि त्याच क्षणी दुसरा हात चालवायचा, एवढे मला येत होते. परंतु ओढ खांद्यातून येत असे, आणि जरा वजनदार माणूस भेटला की मीच त्याच्याकडे ओढला जाई. या विद्येच्या सप्ततारा शाखेचा पवित्रा आठव. ते सात तारे म्हणजे आपले सप्तर्षी. भार मागच्या वाकलेल्या पायावर, पुढची टाच जमिनीवर, चवडा उचललेला. तो चवडा शोभेसाठी नसतो, त्याने समोरच्याचा घोटा अडवायचा असतो. वर हात ओढतो, खाली पाय अडवतो, तेव्हा माणूस पडतो. (दक्षिणेतल्या हक्का लोकांचे याच कीटकाच्या नावाचे कुंगफू वेगळ्या कुळातले आहे, त्याची यात भेसळ करू नकोस.)

तुझाच प्रश्न मला वीस वर्षांपूर्वी एका मुलाने विचारला होता. गुरुपरंपरेवर शंका घेतोस म्हणून मी त्याला सर्वांसमोर गप्प केले, आणि तो पुन्हा आला नाही. चूक माझीच होती. तरीही सांगतो, त्याच्या पायांत दम नव्हता, आणि मी त्याला वर्षभर एकच पवित्रा करायला लावला यात माझे काही चुकले नाही. 1919 मध्ये लुओ ग्वांगयू सप्ततारा शाखा घेऊन शांघायच्या चिंगवू या युद्धकलेच्या संस्थेत शिकवायला गेले, तेव्हा त्यांची ओळख त्यांच्या अंगातल्या विद्येनेच पटली असणार. आधी पाय, मग वांग लांग.

आता पुराणे बाजूला ठेव. उद्या पहाटे त्या पवित्र्यात उभा राहा, पुढच्या टाचेखाली वर्तमानपत्राचे पान ठेव आणि आईला ते ओढायला सांग. पान फाटले तर मला फोन करू नकोस, दुसरे पान घे.